भाताचं सार आणि तुळशीचं पान

माझी नोकरी काय होती असं कुणी विचारलं की मी सांगते, "वास घेण्याची." समोरचा हसायला लागतो, मग माझ्या चेहऱ्याकडे बघून हसू आवरतो आणि विचारतो, "नाही, म्हणजे नक्की काय करायचात?" पुण्यात नुसतं उत्तर देऊन भागत नाही, पुरावा द्यावा लागतो. तर घ्या पुरावा.

शनिवार पेठेत रमणशेठचं इसेन्सचं दुकान आहे. सरबतवाले, मिठाईवाले, उदबत्तीवाले, साबणवाले तिथं येतात आणि गुलाब, केवडा, वाळा, वेलची असे वास बाटलीतून घेऊन जातात. रमणशेठ मूळचे गुजराती, पण घराण्याच्या इतक्या पिढ्या पेठेत गेल्या आहेत की गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणण्यात ते कुणाही पुणेकराला हार जाणार नाहीत. दुकानात बाहेरून येणारा प्रत्येक माल आधी माझ्या नाकाखालून जायचा. भेसळ आहे का, जुना आहे का, वाटेत तापला आहे का, हे मी सांगायचं आणि मगच तो गोदामात जायचा. पुढं पुढं नवा माल शोधून आणायचं कामही माझ्याकडेच आलं.

शिकले होते मी मात्र भलतंच. रसायनशास्त्र झाल्यावर पुण्याजवळच्या मांजरीला जाऊन उसाच्या मळीपासून मद्यार्क कसा काढतात याचा रीतसर अभ्यासक्रम केला. आमचं सासर असं, की खोकल्याच्या औषधात अल्कोहोल असतं म्हणून सासरे तेही घेत नसत. पाहुण्यांशी माझी ओळख ते अशी करून देत, "या आमच्या सूनबाई. दारूत पदवीधर आहेत." साखर कारखान्यांत अर्ज केले, तर "बाई रात्रपाळीला कशा येणार?" असा प्रश्न विचारून त्यांनी त्याचं उत्तरही स्वतःच देऊन टाकलं. त्यांचं नशीब! मी रमणशेठच्या दुकानात शिरले ती तिथूनच निवृत्त झाले.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट आधी सांगून ठेवते, पुढं लागणार आहे. चांगला माल कसा असतो हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. बिघडलेला कसा असतो हे ज्याला ठाऊक, तो फसत नाही. म्हणून नवा माल आला की मी त्यातली एक बाटली मुद्दाम नासवायची. आमच्या घराच्या माळ्यावर, पत्र्याखाली, ती ठेवून द्यायची आणि ऊन तिचं काय करतं ते बघायचं. आमचे हे बँकेत होते. चिडून म्हणायचे, "लोकांच्या माळ्यावर लोणची असतात. आमच्याकडे ही नासकी बाळं." मी लक्ष द्यायची नाही.

नव्वदनंतर आयात मोकळी झाली आणि आमची पंचाईत झाली. ज्या श्रीखंडवाल्याला वर्षानुवर्षं आम्ही वेलची दिली, त्याच्याकडे टाय लावलेली मुलं गुळगुळीत कॅटलॉग घेऊन यायला लागली. पेठेतल्या दुकानाचं कसंबसं भागत होतं, पण मांजरीला असलेलं गोदाम अंगावर यायला लागलं. तिकडं उसाच्या फडात इमारती उगवत होत्या. एक बिल्डर गोदामाची जागा मागायला वरचेवर पेढ्यांचा पुडा घेऊन शेठकडे यायचा. शेठ पेढा खायचे नाहीत, पण त्याला येऊ नकोस असंही म्हणायचे नाहीत. गोदाम सांभाळायला शिंदेमामा होते, मूळचे मांजरीचेच. त्यांच्या हाताखाली बाटल्या भरणाऱ्या गावातल्या बायका होत्या. गोदाम गेलं की ही सगळी माणसं घरी बसणार, हे प्रत्येकाला कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

एक दिवस शेठ मला म्हणाले, "सुमतीबेन, मुंबईवाल्यांकडे नाही असं काहीतरी आणा. नाहीतर येत्या दिवाळीला मी त्याचा पेढा खाणार."

त्या सुमारास पुण्यात जपानी शिकायची टूम निघाली होती. आयटीतली पोरं कंपनीच्या कामासाठी शिकायची. मी शिकायला गेले ती संध्याकाळी टीव्हीसमोर बसायचा कंटाळा आला म्हणून. वर्गात सगळे मला काकू म्हणत. जपानीत 'ल' नाही, त्यामुळे आमच्या बाईंनी पहिल्याच दिवशी माझी लेलेची रेरे करून टाकली. रेरे तर रेरे! त्या वर्गात जपानला जाऊन आलेली एक मुलगी आईसाठी आणलेलं लोशन सगळ्यांना दाखवत होती. मी सवयीनं बूच उघडून नाकाशी धरलं आणि जागीच थांबले. पिकलेलं केळं, ताजा भात आणि मागून अगदी किंचित आंबोळीचं पीठ. हा आंबवलेल्या तांदळाचा वास होता, आणि माझं सगळं शिक्षण आंबवण्यातच झालेलं.

जपानी लोक तांदळाची दारू करतात, साके. तांदूळ कांडून कांडून आतला पांढरा गाभा तेवढा ठेवायचा, वाफवायचा, त्यावर एक पाळीव बुरशी चढवायची, मग यीस्ट घालून थंडीत सावकाश आंबवायचा. त्यातला मद्यार्क काढून टाकला आणि उरलेलं गाळून आटवलं की जे राहतं, तो अर्क. कातडी मऊ राहते म्हणून तो क्रीममध्ये जातो. स्वयंपाकात घातला तर कच्चा वास मारतो आणि पदार्थाला गोडसर भरीवपणा आणतो. एकच डबा, अर्धा सौंदर्याचा, अर्धा पोटाचा. आमच्या दुकानाला याहून चांगलं काय हवं होतं?

शेठना मात्र पहिला शब्द ऐकू आला तो 'दारू'. "माझ्या गोदामात लक्ष्मीचा फोटो आहे, बेन."

"शेठ, दारू काढून टाकलेली असते. हे भाताचं सार आहे."

"सार?"

"सार. आपलं आमसुलाचं असतं ना, तसं भाताचं."

हे वाक्य मी त्यानंतर किती जणांना ऐकवलं असेल! शेठना, त्यांच्या आईंना, गोदामातल्या बायकांना, शिंदेमामांना. परवान्याच्या कचेरीतल्या साहेबांना तर कागदावर रेघा मारून समजावलं. सगळं ऐकून त्यांनी बाटली उजेडात धरली आणि हळूच विचारलं, "तरी पण बाई, चढत असेलच की थोडी?"

मी म्हटलं, "साहेब, यानं चढत नाही. किंमत ऐकली की असलेली उतरते."

साहेब हसले आणि त्यांनी शिक्का मारला. दारू नाही, भाताचं सार, ही गोष्ट मी इतकी पटवून दिली की तिची फळं पुढं मलाच भोगावी लागली. ते येईलच.

मी जपानमधल्या सापडतील तेवढ्या भट्ट्यांना माझ्या मोडक्या जपानीत लिहिलं. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एका बर्फाळ गावातल्या तामुरा-सान (सान म्हणजे आपलं 'राव') नावाच्या म्हाताऱ्यांनी नमुन्याच्या बाटल्या पाठवल्या. मी त्या पुण्यात फिरवल्या. कोथरूडच्या एक बाई उटणं आणि क्रीम करायच्या. त्यांनी एक थेंब मनगटावर लावला, दुसऱ्या दिवशी दोन्ही मनगटं माझ्यापुढे केली आणि म्हणाल्या, "यातलं लाडकं मनगट कुठलं ते ओळखा." हिंजवडीच्या कंपन्यांच्या कँटीनना सॉस पुरवणारे एक गृहस्थ होते, जन्माचे शंकेखोर. त्यांनी नमुना नूडल्समध्ये घातला, खाल्लं, पुन्हा खाल्लं, आणि मग म्हणाले, "बरं आहे." पुण्यात 'बरं आहे' म्हणजे काय हे वाचकांना सांगायला नको. गिऱ्हाइकं तयार होती. प्रश्न मालाचा होता.

तामुरा-सान एका देशात एकालाच माल द्यायचे. मुंबईची एक मोठी कंपनी आमच्या आधीच त्यांच्या मागे लागली होती. म्हाताऱ्यानं दोघांनाही एकच अट घातली. दोन-दोन डबे पाठवतो, सोबत त्याच बॅचच्या लहान बाटल्या पाठवतो. तुमच्याकडचा एक उन्हाळा काढून दाखवा. पावसाळा सरला की मी येईन, माझ्यासमोर डबे उघडू, मी वास घेईन आणि मग बोलू. हा अर्क उष्णतेला फार हळवा. तापला की रंग चहासारखा होतो आणि वास काकवीवर जातो.

मुंबईवाल्यांचं काय, त्यांच्याकडे चोवीस तास वीज. आमच्या मांजरीत तेव्हा भारनियमन असं, की वीज आली की बायका टाळ्या वाजवायच्या. गोदामात एक लहान थंड खोली होती, ती विजेवर. वीज गेली की तिची नुसती खोली व्हायची. तो उन्हाळा शिंदेमामांनी काढला. वीज गेली की डब्यांभोवती ओली पोती, पोत्यांवर बर्फ, वर कांबळं. गावात बर्फ मिळाला नाही तर लांबून स्वतःच्या सायकलवरून लाद्या घेऊन यायचे, अर्ध्या वाटेत वितळायच्या. मी एकदा म्हटलं, "मामा, नातवाला एवढं सांभाळलं नसेल तुम्ही."

"नातू रडून सांगतोय बाई. ह्यास्नी कुठं तोंड हाय?"

वैशाख गेला, पाऊस आला, गेला. तामुरा-सानांचा निरोप आला की मुंबईचं काम उरकून ते मुलासोबत पुण्याला येतील. दिवस पाहिला तर खंडेनवमी! शेठ म्हणाले, "नवमीला गोदामात पूजा असते, बेन." मी म्हटलं, "सकाळी लौकर उरकून घेऊ, पाहुणे दुपारकडे येतील." मला वाटलं, काटे, पंप, बाटल्या भरायचं यंत्र यांना हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा, यात उरकण्यासारखं आहे काय? आपल्याकडे खंडेनवमीला माणूस ज्यावर पोट भरतं त्याला हात जोडतो. सुतार करवतीला, ड्रायव्हर गाडीला. गोदामाचं पोट आता कशावर भरणार होतं, हा विचार मी केला नाही. शिंदेमामांनी केला.

मी आणि शेठ पोचलो तेव्हा दारालाच झेंडूचं तोरण होतं. आत धुपाचा असा लोट, की समोरचं दिसेना. बायका नव्या साड्या नेसून उभ्या. मी डोळे चोळत पुढं गेले. खोलीच्या मधोमध पाट, पाटाभोवती रांगोळी, आणि पाटावर तामुरा-सानांचे दोन डबे. हळदकुंकू लावलेले, गळ्यात हार. झाकणं काढून शेजारी नीट ठेवलेली. आतलं सील सुरीनं गोल कापलेलं. आणि दोन्ही डब्यांत, त्या सोनेरी अर्कावर, एकेक तुळशीचं पान तरंगत होतं.

"मामा!" मी किंचाळलेच. "हे काय केलंत?"

"निवेद दावला," मामा म्हणाले. चेहरा अगदी प्रसन्न. "उन्हाळाभर जपलं, आता पावणा येणार. म्हटलं आधी देवाला दावू."

"पण उघडलेत कशाला?"

"झाकून ठेवलेला निवेद देवाला पोचतो व्हय?"

"आणि दोन्ही?"

"एकाला दावला न् एकाला न्हाई, आसं कसं चालंल, बाई? जोडी हाय."

"अहो, दारूचा कुठं नैवेद्य असतो?" शेठ मागून ओरडले.

मामांनी आश्चर्यानं माझ्याकडं बघितलं. "दारू? बाईच म्हनल्या की, दारू न्हाई, भाताचं सार हाय."

देवीला तुळस चालते की नाही, हा वाद शनिवार पेठेत सुरू केला असता तर तीन पिढ्या चालला असता. इथं तेवढाही वेळ नव्हता. मी वाकून डब्याचा वास घेतला. वर धूप, कापूर, तुळस. अर्क खाली कुठंतरी गुदमरलेला. मामांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं. "बाई, नासलं व्हय?" त्यांनी विचारलं आणि मटकन पाटाशेजारी खाली बसले. उन्हाळाभर त्या डब्यांसाठी धावलेला माणूस, आणि त्याच्याच हातानं हे. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण रडू आलं.

शेठ कानाशी येऊन म्हणाले, "पान काढा. झाकण लावा. काही बोलू नका."

"शेठ, तो माणूस आयुष्यभर वास घेतोय. मला कळतं ते त्याला दारातच कळेल. नाकापुढे खोटं चालत नाही."

"मग?"

मग मला माळा आठवला. मी गोदामातल्या फोनवरून घरी फोन लावला. आमचे हे नेमके घरी होते, दसऱ्याच्या तयारीत. म्हटलं, "अहो, ऐका. फ्रिजमध्ये दाराच्या कप्प्यात जपानी चिठ्ठीची लहान बाटली आहे. आणि तिची जोडीदार माळ्यावर, पत्र्याखाली. दोन्ही घ्या आणि स्कूटरनं मांजरीला या. आत्ता."

"नासकी बाळंसुद्धा?"

"नासकंच मुख्य आहे! निघा!"

पाहुणे आधी आले. तामुरा-सान ठेंगणे, चेहरा सुकलेल्या बोरासारखा, पण हात मात्र तुळतुळीत. भट्टीवाल्यांचे हात असे असतात हे मी ऐकलं होतं आणि जाहिरात समजून सोडून दिलं होतं. मुलगा बॅग सावरत मागे. म्हातारा दारात थांबला, नाक किंचित वर केलं, आणि मला ओळखू आलं की त्याला कळलं.

मी पुढं होऊन वाकले आणि सगळं सांगितलं. मोडक्या जपानीत, पण काही गाळलं नाही. आज आमच्याकडे कामाच्या वस्तूंची पूजा असते. तुमचे डबे आमच्या माणसानं देवासमोर ठेवले. देवाला झाकलेलं देत नाहीत, म्हणून उघडले. ते पान पवित्र मानतात. धुराचा वास लागला आहे. तुम्ही यायच्या आधी डबे उघडायचे नव्हते, ते उघडले गेले.

मुलानं बॅगेची चेन ओढून बंद केली. तो आवाज मला अजून ऐकू येतो. तामुरा-सान पाटासमोर उकिडवे बसले. पानाकडे बघितलं, रांगोळीकडे बघितलं. मग शिंदेमामांकडे बघून मला विचारलं, "यांनी देवाला काय सांगितलं?"

मी मामांना विचारलं. मामा मान खाली घालून म्हणाले, "म्या काय सांगनार? म्हटलं, देवा, हे टिकू दे."

मी भाषांतर केलं. म्हाताऱ्यानं मान हलवली. मग एका काचेच्या पेल्यात डब्यातला थोडा अर्क घेऊन वास घेतला आणि मान उडवली. "धूप," ते म्हणाले. "हा आता विकण्याजोगा नाही." शेठना जपानी येत नव्हतं, पण त्यांनी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात बाहेर स्कूटर वाजली. आमचे हे आत आले ते झेंडूच्या पाकळ्यांनी माखलेले. मंडईत फुलांच्या गर्दीत अडकले होते म्हणे, शेवटी एका फुलवालीनं शिव्या देत वाट करून दिली. पिशवीत दोन बाटल्या, आणि आलोच आहे तर म्हणून घेतलेला शेरभर झेंडू. मी बाटल्या हिसकावूनच घेतल्या.

तीन पेले मांडले. डाव्या पेल्यात फ्रिजमधला अर्क, उजव्यात माळ्यावरचा, मधे डब्यातला. दाराशी उजेडात नेऊन ठेवले. बोलायची गरजच नव्हती. उजवा पेला काळपट, थेट चहा. डावा आणि मधला, दोन्ही एकाच रंगाचे, भाताच्या काडीसारखे फिकट सोनेरी.

मी म्हटलं, "तामुरा-सान, उजवीकडचा मी मुद्दाम उन्हात ठेवला होता. आमचा उन्हाळा तुमच्या मालाचं काय करतो, ते तो आहे. मधला याच गोदामातला, वीज जात-येत असताना ठेवलेला. तुमचा प्रश्न उन्हाळ्याचा होता. त्याचं उत्तर मधल्या पेल्यात आहे. धूप आजचा आहे."

म्हातारा तीनही पेल्यांवर वाकला. उजव्याचा वास घेऊन असं तोंड केलं, की बायका फिसकन हसल्या. डाव्याचा घेतला. मधल्याचा घेतला, खूप वेळ, डोळे मिटून. धुपाच्या खाली उतरून बघत असावा. मग मुलाशी काहीतरी भराभर बोलला. मला त्यातलं एवढंच कळलं, की मुंबईत सगळे एकसारखं म्हणत होते, काही होत नाही, काही होत नाही. बिघडलेला माल त्यांना कुणी दाखवलाच नव्हता.

मग त्यांनी मला विचारलं, "देवाला दिलं. आता माणसांना देत नाहीत?"

मला आधी कळेना. ते म्हणाले, त्यांच्या भट्टीतही देव आहे. नवी साके आधी त्याच्यापुढे ठेवतात आणि मग सगळे मिळून पितात. देवाचं झालं आणि माणसांचं राहिलं, तर ते काम अर्धं.

मी मामांना म्हटलं, "मामा, उठा. पाहुणे प्रसाद मागतायत."

मामा उठले. त्यांनी पळी आणली. तामुरा-सानांना तळहाताचा द्रोण करायला मी दाखवलं, आणि त्या मऊ गुलाबी तळव्यावर मामांनी पळीभर अर्क घातला. म्हाताऱ्यानं तो तीर्थासारखा घेतला, ओला हात डोक्यावरून फिरवला, आपल्यासारखाच. कुणी शिकवलं नव्हतं. मग मुलानं घेतला, मी घेतला, आमच्या ह्यांनी घेतला, बायकांनी घेतला. राहिले शेठ. जन्मात जे कधी दारूच्या दुकानाच्या बाजूनं चाललेसुद्धा नाहीत, ते रमणशेठ. त्यांनी हात पुढं केला.

"सुमतीबेन, नक्की चढत नाही ना?"

"नाही, शेठ."

"मग घाला."

त्यांनी घेतला, गिळला, थोडा वेळ वाट पाहिली, आणि म्हणाले, "बरं आहे." त्याच वेळी मुलानं बॅगेची चेन उघडली आणि कराराचे कागद बाहेर काढले.

पुढं काय झालं ते सांगायला मला अजूनही मजा येते. संपूर्ण देशासाठी तो माल शनिवार पेठेतून जायला लागला. ज्या मुंबईच्या कंपनीनं आम्हाला हिंग लावून विचारलं नव्हतं, तिचा माणूस एक दिवस आमच्या दुकानात माल मागायला आला. दुपारी दीड वाजता. शेठनी अर्धं शटर वर करून त्याला चारनंतर यायला सांगितलं, आणि तो चारनंतर आला! मांजरीला जनरेटर बसला. बिल्डर पेढे घेऊन आला, तर शेठनी या वेळी पेढा खाल्ला आणि वर आमचा डबा त्याच्या बायकोसाठी दिला, क्रीममध्ये घालायला. आज गोदामाच्या चारही बाजूंनी टोलेजंग इमारती आहेत. बाल्कनीतून लोक खाली बघतात आणि विचारतात, हे बैठं काय आहे? बायकांच्या सुना आता तिथं कामाला आहेत. मी हे जपानी शिकून काय उजेड पाडणार असं म्हणणारे आमचे सगळे नातेवाईक आता सांगतात, की त्यांना आधीपासूनच खात्री होती.

निघताना तामुरा-सानांनी माझ्याकडून एक शब्द कागदावर लिहून घेतला होता. कशाला ते बोलले नाहीत. पहिला माल आला तेव्हा डब्यांच्या मधे पेंढ्यात गुंडाळलेली एक लहानशी मातीची बरणी निघाली. तिच्यावर शाईनं, शाळेत पहिल्यांदा पाटी धरलेल्या पोरासारख्या अक्षरात, देवनागरीत लिहिलं होतं, 'देवाचे'. म्हणजे ही उघडा, बाकीचे डबे नकोत. त्यानंतर दर वर्षी नवमीच्या आधी ती बरणी येते. दर वर्षी शिंदेमामा ती उघडतात, तुळशीचं एक पान घालतात, पळीनं सगळ्यांना देतात. आणि दर वर्षी शेठ हात पुढं करून मला विचारतात, "नक्की चढत नाही ना?" आणि सगळे हसतात.

मी निवृत्त झाले तरी नवमीला गोदामात जातेच. यंदाही गेले. बरणी आली होती. पेंढा काढला आणि मी थांबले. 'देवाचे' लिहिलेलं होतं, पण अक्षर सरळ, वळणदार, एखाद्या तरुण हाताचं. मला काय समजायचं ते समजलं. मुलाचा निरोप मागाहून आला. म्हातारे थंडीत गेले, भट्टी सुरू असताना. बरणीवर काय लिहायचं ते त्यांनी आधीच नातीकडून घोटून घेतलं होतं.

शिंदेमामा आता काठी टेकत येतात. मी त्यांना सांगितलं. त्यांनी बरणीचं बूच काढलं, अंगणातल्या तुळशीकडे गेले, आणि परत येऊन दोन पानं घातली.

"दोन का, मामा?"

"एक देवाला," मामा म्हणाले. "एक त्या म्हाताऱ्याला."

मग त्यांनी पळी उचलली. सगळ्यात आधी रमणशेठनी हात पुढं केला. यंदा त्यांनी काही विचारलं नाही.